दुभाष्याची सुटी

आमचे घर चिकलठाण्यास, विमानतळाच्या इतके जवळ आहे की, मुंबईचे विमान डोक्यावरून जाऊ लागले म्हणजे आमचे संभाषण अर्ध्या वाक्यावर थांबते, आणि ते दूर गेले म्हणजे उरलेल्या अर्ध्या वाक्यापासून पुन्हा सुरू होते. गच्चीवर धुणे वाळत घालता घालता माझ्या पत्नीने वीस वर्षे ही विमाने पाहिली. पण 'आपण कधी जायचे?' असे तिने चुकूनही विचारले नाही. तो प्रश्न शेवटी पुण्याला असलेल्या आमच्या कन्येने विचारला, आणि उत्तराची वाट न पाहता दिवाळीच्या सुटीतली तिकिटेही काढून टाकली.

इंग्रजीच्या प्राध्यापकाने लंडनला जायचे सोडून स्पेनला का जावे, असे माझ्या सहकाऱ्यांनी विचारले. त्याला कारण होते. विद्यार्थिदशेत वॉशिंग्टन अर्व्हिंगचे अल्हाम्ब्रावरचे १८३२ सालचे पुस्तक माझ्या हाती पडले होते, आणि पुढे अध्यापन करू लागल्यावर सर्व्हान्तेसच्या त्या वेड्या सरदाराची गोष्ट मी वर्गात इतक्या वेळा सांगितली होती की, एकदा त्याचा मुलूख पाहून यावे, असे मनात फार होते. शिवाय, इंग्रजी जाणणाऱ्यास जगात कोठेही अडत नाही, ही माझी श्रद्धा होती. ती श्रद्धा मी चिकलठाण्याहून निघताना सामानात घेतली होती. परत येताना ती सापडली नाही.

येथे घरातील एक व्यवस्था वाचकांना सांगितली पाहिजे. आमच्या लग्नाला अठ्ठावीस वर्षे झाली, आणि तितकीच वर्षे मी माझ्या पत्नीचा दुभाषी आहे. बँकेत तिच्या वतीने मी बोलतो. पाहुण्यांना तिचे मत मी सांगतो. डॉक्टरांनी तिला 'कोठे दुखते?' असे विचारले, तर उत्तर मी देतो. गुडघा तिचा, वर्णन माझे! ही सारी व्यवस्था मी तिच्या सोयीसाठी चालवीत आहे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

माद्रिदला उतरल्यावर पहिल्याच सायंकाळी आम्ही फिरावयास निघालो. एका दुकानासमोर पत्नी थबकली. आत छतापासून काहीतरी ओळीने टांगलेले होते, खाली रुंद, वर निमुळते, तेलकट तपकिरी रंगाचे. ती हर्षाने म्हणाली, "अहो, मिरजेसारखं दिसतंय हे! केवढे तंबोरे!" मी चष्मा पुसून पाहिले. ते तंबोरे डुकराच्या मांड्यांचे होते. मीठ लावून महिनोन् महिने वाळविलेल्या. खरा प्रकार सांगितल्यावर तिने पदर नाकाला लावला, आणि त्यानंतर जेथे जेथे असे संगीत आढळले तेथे तेथे आम्ही रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने चालू लागलो. त्यामुळे माद्रिदमधील आमचे चालणे दुप्पट झाले.

पुढचा प्रश्न भोजनाचा. पत्नी शुद्ध शाकाहारी. मी एका छोट्या पुस्तकातून 'सिन कार्ने', म्हणजे 'मांसाशिवाय', एवढे पाठ करून ठेवले होते. उपाहारगृहात गेल्यावर ते मी वर्गात म्हणावे तसे स्वच्छ म्हटले. वाढप्याने मान डोलविली आणि पालकाची भाजी आणली. तीत त्याच तंबोऱ्याचे बारीक तुकडे होते. मी बोट दाखविले, तेव्हा त्याने दुखावलेल्या चेहऱ्याने सांगितले की, हे मांस नव्हे, हा 'खामोन' आहे. दुसरे दिवशी हिरवी कोशिंबीर मागविली, तर तिच्या पोटात मासा निघाला. तिसऱ्या प्रसंगी पत्नीने मला थांबविले. तिने समोरच्या मेजावर बोट टेकून, उघड्या तळव्यावर काहीतरी गोल असल्याचे दाखवून, स्वच्छ मराठीत विचारले, "बाळ, बटाटा आहे का बटाटा?" वाढणाऱ्या मुलीचा चेहरा उजळला. "पाताता!" ती म्हणाली, आणि पाच मिनिटांत तळलेल्या बटाट्याची मोठी बशी आली.

मी लागलीच भाषाशास्त्राचा एक तास घेतला. बटाटा, मेज, पगार हे शब्द आपणांस पोर्तुगीजांनी दिले; स्पॅनिश ही त्यांच्या भाषेची बहीण; म्हणून येथे मेज म्हणजे 'मेसा', आणि 'पागार' म्हणजे पैसे चुकते करणे, वगैरे. पत्नीने बटाटे खाता खाता ऐकून घेतले. त्या व्याख्यानाचा तिने एकच उपयोग केला. तेव्हापासून प्रत्येक जेवणानंतर ती म्हणू लागली, "अहो, त्यांचा पगार द्या आणि उठा."

चौथ्या दिवशी सकाळी ती माझ्याआधी उठली, आणि खोलीखालच्या दुकानात काय तळतात ते पाहावयास गेली. मी पोहोचलो तेव्हा ती चक्क दुकानाच्या आत, कढईपाशी उभी होती. तेथे 'चुर्रो' नावाचा पदार्थ करतात. पिठावर उकळते पाणी ओतून उकड काढावयाची, ती चांदणीच्या आकाराच्या तोंडातून दाबून तेलात सोडावयाची, आणि वर साखर पेरून दाट चॉकलेटमध्ये बुडवून खावयाची. "अहो, हा आपला सोऱ्याच आहे!" ती म्हणाली. तिने पिशवीतून दिवाळीची चकली काढली; दुकानदारीणबाईंनी ती चावून पाहिली, काटे निरखले, दोन्ही हात वर केले. दोघी एकाच वेळी बोलत होत्या, एक मराठीत, एक स्पॅनिशमध्ये, आणि कोणीही कोणाला 'काय?' म्हणून विचारीत नव्हते. मी दुभाषीपणा करण्यासाठी पुढे सरसावलो. पण मला कोणत्या भाषेतून कोणत्या भाषेत भाषांतर करावे हेच उमगेना. मी चॉकलेट प्यालो.

त्याच दिवशी माझ्या गर्वाला पहिला तडा गेला. सर्व्हान्तेसच्या स्मारकाची वाट मी एका वृद्ध गृहस्थास विचारली. 'डॉन क्विक्झोट' असे मी तीनदा म्हटले. त्याला काही कळेना. अखेर मी हाताने भाला आणि पवनचक्की दाखविली, तेव्हा तो उद्गारला, "आ! दोन किखोते!" नंतर, परदेशी मनुष्याचे कल्याण व्हावे ह्या सद्हेतूने, त्याने भर चौकात मला तो उच्चार तीन वेळा म्हणावयास लावला, आणि तिसऱ्या खेपेस शाबासकी दिली. जाणारे-येणारे हसले. इतकी वर्षे ज्या नावाचा मी वर्गात पाठ दिला, ते नाव त्याच्या गावात चालत नव्हते. इंग्रजीत ते तसे उच्चारतात, हे समर्थन माझ्या जिभेवर होते. पण ते ऐकणार कोण? पत्नी मात्र हसली नाही. ती दुसरीकडे पाहत राहिली. ह्याचे मला त्या वेळी नवल वाटले.

पुतळ्यापाशी पोहोचलो. उंच, किडकिडीत सरदार घोड्यावर, आणि गुबगुबीत सांचो गाढवावर. पत्नीने दोघांकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग स्वतःकडे. "हे तुम्ही, आणि ही मी," ती म्हणाली. "तो बोलतोय, आणि बिचारा मागचा सामान धरून बसलाय."

कोर्दोबा आणि सेव्हिल ह्यांचे वर्णन प्रवासवर्णनांत पुष्कळ आहे. मी आमच्यापुरते सांगतो. आठव्या शतकात आरंभिलेली कोर्दोब्याची मशीद, तिचे साडेआठशेहून अधिक खांब, आणि त्यांच्या मधोमध सोळाव्या शतकात उभारलेले चर्च पाहून मी इतिहास सांगू लागलो. पत्नी म्हणाली, "म्हणजे आपल्या दौलताबादच्या भारतमातेच्या देवळासारखं. खांब एकाचे, मशीद दुसऱ्याची, मूर्ती तिसऱ्यांची." माझे व्याख्यान तेथेच संपले, सांगण्यासारखे काही उरले नव्हते. बाहेर येऊन आम्ही जेवावयास बसलो. थंडगार टोमॅटोचे दाट सार आले. "जरा गरम करून आणा हो," असे पत्नीने विनविल्यावर वाढप्याने हात छातीवर ठेवला, जणू त्याच्या आजीचा अपमान झाला होता. पण मागून वांग्याचे तळलेले काप आले, वर उसाची काकवी ओतलेली; तिने डोळे मिटून एक घास घेतला आणि त्या साऱ्या मुलखाला क्षमा केली.

सेव्हिलच्या रस्तोरस्ती नारिंगांची झाडे आहेत. फळे अर्धी हिरवी, अर्धी पिवळी झाली होती. रस्त्यावरचे फळ कोणी तोडीत का नाही, ह्याचे तिला कोडे पडले. तिने खाली पडलेले एक उचलून सोलले, चाखले, आणि कोडे सुटले. ते कारल्याला लाजवील इतके कडू होते. मात्र ज्या गुडघ्यांनी दहा वर्षांत देवगिरीचा किल्ला चढला नव्हता, ते हिराल्दाच्या मनोऱ्यावर सहज चढले. कारण त्या मनोऱ्यात पायऱ्या जवळजवळ नाहीतच. बांग देणाऱ्याला घोड्यावर बसून वर जाता यावे, म्हणून बाराव्या शतकातल्या कारागिरांनी आत उतरणीचा रस्ता केला, असे सांगतात. "माणसाच्या गुडघ्यांचा विचार करणारे लोक होते," ती वरून म्हणाली.

ग्रानादाला पोहोचलो आणि मी आजारी पडलो. बर्फाच्या डोंगरावरून येणारा वारा मला सोसला नाही. अंगात सणसणून ताप भरला. अल्हाम्ब्राच्या राजवाड्यात शिरावयाची वेळ तिकिटावर मिनिटासकट छापलेली असते, आणि ती दुसऱ्या दिवशीची होती. दुपारचे तीन वाजले होते. त्या देशात दुपारी दोनपासून पाचपर्यंत गावोगावची दुकाने मिटलेली असतात. पत्नीने शाल गुंडाळली. "मी औषध घेऊन येते," ती म्हणाली.

मी उठून बसलो. "तू? एकटी? तुला भाषा येत नाही!"

"तुम्हांला तरी कुठं येते?" असे म्हणून तिने दार ओढून घेतले.

तो दीड तास मी विसरणार नाही. अठ्ठावीस वर्षांत तिला मी एकटीने बँकेतही पाठविले नव्हते. पहिला अर्धा तास मी तिची काळजी केली. ती रस्ता चुकली असेल, गाडीखाली सापडली असेल, असे सारे मनात येऊन गेले. पुढच्या तासात मात्र मी कधी न केलेला विचार केला. तिला बोलता येत नाही, असे मी कशावरून धरून चाललो होतो?

आणि मला एक जुनी सायंकाळ आठवली. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी एका सहकाऱ्याकडे चहा होता. मंडळी इंग्रजीत बोलत होती. माझी नवपरिणीत पत्नी, पुष्कळ धीर गोळा करून, एक वाक्य बोलली. त्यात 'व्हेजिटेबल' हा शब्द होता, आणि त्याची शेवटची दोन अक्षरे तिने 'टेबल' ह्या शब्दाप्रमाणे उच्चारली. मी सर्वांदेखत म्हणालो, "त्या शब्दात टेबल नाही!" मंडळी खळखळून हसली. तीही हसली. त्यानंतर माझ्यासमोर ती इंग्रजीचा एकही शब्द बोलली नव्हती, आणि हळूहळू परक्या माणसांशी मराठीतही बोलेनाशी झाली होती. माझ्या दुभाषीपणाची नेमणूक त्या दिवशी झाली होती; आणि ती मीच, तिची जागा रिकामी करून, स्वतःकडे घेतली होती. माद्रिदच्या चौकात ती का हसली नाही, हे मला ग्रानादाच्या अंथरुणात कळले.

साडेचारला ती आली. एका हातात औषधे, दुसऱ्या हातात संत्र्यांची पिशवी, आणि तोंडावर पाऊस पडून गेल्यावर येते तसली टवटवी. जवळचे औषधाचे दुकान बंद होते. शेजारच्या एका आजीबाईने दारावरची यादी वाचून तिला दुसऱ्या, पाळीने उघडे असणाऱ्या दुकानात नेले. तेथे तिने कपाळाला हात लावून, थरथरून, खोकून माझा सारा आजार करून दाखविला. औषधाच्या पेटीवर दुकानदाराने एक सूर्य आणि एक चंद्र काढून दिला होता. सकाळची एक, रात्रीची एक. आजीबाईला तीन नातवंडे होती आणि तिचाही गुडघा दुखत होता, ही माहितीही पत्नीजवळ होती.

"कोणत्या भाषेत बोललीस?" मी विचारले.

"माझ्या," ती म्हणाली. मग संत्रे सोलीत, माझ्याकडे न पाहता, म्हणाली, "इथं तुम्हांलाही येत नाही ना, म्हणून मला भीती वाटली नाही."

मी संत्र्याची फोड तोंडात घातली. ते गोड होते. तरी गिळावयास वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला आणि आम्ही अल्हाम्ब्रा पाहिला. बारा सिंहांच्या चौकातून, वरच्या बागांतून, सर्वत्र पाणी खेळत होते. ज्या घरात वर्षानुवर्षे नळाच्या पाण्याचा दिवस कॅलेंडरवर खूण करून पाळला गेला, त्या घरच्या गृहिणीस हे पाहवेना. "कोणी तरी बंद करा हो," ती पुटपुटली. मी मलिक अंबराची नहर, आपली पाणचक्की, खापरांच्या नळांतून येणारे तिचे पाणी, असे सांगावयास आरंभ केला, आणि मध्येच थांबलो. कारण ती बोलू लागली होती. लहानपणी वडिलांचे बोट धरून ती पाणचक्कीच्या हौदापाशी जात असे, ही गोष्ट मी अठ्ठावीस वर्षांत प्रथमच ऐकत होतो. वरच्या बागेत एक जिना आहे. त्याच्या कठड्यांतून पाणी वाहते. तो जिना उतरताना तिने हात त्या पाण्यात ठेवला होता, तो शेवटच्या पायरीपर्यंत काढला नाही, आणि तिचे बोलणेही थांबले नाही.

सर्व्हान्तेसच्या १६१५ सालच्या दुसऱ्या भागात सांचोला थट्टेने एका बेटाचे राज्य देतात, आणि तो अडाणी मनुष्य ते नुसत्या व्यवहारज्ञानाने मोठ्या न्यायाने चालवितो. हा भाग मी पूर्वी वर्गात घाईने आटोपीत असे.

परतीच्या विमानात सेविका जेवणाची गाडी घेऊन आली, आणि पत्नीकडे पाहून तिने इंग्रजीत काही विचारले. सवयीप्रमाणे मी उत्तर देण्यास तोंड उघडले. तेवढ्यात शेजारून, ठसठशीत आणि निःशंक, उत्तर आले :

"व्हेजिटेबल."

त्यात टेबल होते. पूर्ण, चारही पायांचे. मी उघडलेल्या तोंडात पावाचा तुकडा घातला. सेविकेने मान डोलविली, समोरचे छोटे टेबल उघडले, आणि त्यावर पत्नीचे जेवण आणून ठेवले.