भेटवस्तू कुणाच्या दुकानातून घ्यायची?

डिसेंबर आला की इथे न्यू जर्सीत आमची धांदल सुरू होते. ६ तारखेला बाबासाहेबांना अभिवादन, २५ तारखेला मनुस्मृती दहन दिन, आणि त्याच दिवशी इथला नाताळ. मुलांच्या शिक्षिका, शेजारी, ऑफिसातले सहकारी, सगळ्यांना भेटवस्तू द्यायची पद्धत आहे. विदर्भातून आलेली आमची चार-पाच कुटुंबे. इतकी वर्षे आम्ही काय करत होतो? जेवणे झाली की फोन उघडायचा, बड्या ऑनलाइन कंपनीवर ऑर्डर टाकायची, दोन दिवसांत खोका दारात. आपला पैसा कुणाच्या घरी जातो, हा प्रश्न आम्हाला पडलाच नाही.

तो पडला आमच्यातल्याच एका मुलीला. शाळेत ती माँटगोमेरीचा बस बहिष्कार शिकून आली होती. ती म्हणाली, "१४ एप्रिलच्या भाषणात तुम्ही ब्लॅक पँथरचं नाव घेता. मग आपण त्यांच्या दुकानात कधीच का जात नाही?"

आमचे खरे उत्तर लाजिरवाणे होते. "त्या वस्तीत जायला नको, तो भाग बरा नाही," असे आम्हीही म्हणत आलो होतो. मित्रांनो, गावाकडे आपल्या वस्तीबद्दल हेच वाक्य ऐकत आपण मोठे झालो ना? मग विमानात बसताना तेच वाक्य आपण सोबत कसे आणले?

कृष्णवर्णीयांच्या लढ्याचे आपल्यावर ऋण आहे. गुलामगिरी मोडणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना जोतिरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, ते हार्लेमला लागूनच आहे. १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिले आणि डु बॉइस यांनी उत्तरही दिले. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती नावासकट इथल्या पँथरकडून प्रेरणा घेऊन. हे ऋण फक्त भाषणात फेडायचे का?

म्हणून मागच्या डिसेंबरात आम्ही न्यूअर्कमधल्या एका छोट्या दुकानात गेलो. एक कृष्णवर्णीय बाई स्वतः साबण आणि मेणबत्त्या बनवून विकते. माल सुंदर होता. आम्ही बारा साबण काढले आणि सवयीने विचारले, "थोडं कमी करा ना." ती हसली आणि म्हणाली, "मॉलमध्येही असंच विचारता का?"

आम्ही गप्प झालो. कारण आम्हाला चैत्यभूमी आठवली. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर आपलाच माणूस पुस्तके, दिनदर्शिका, मूर्ती घेऊन बसतो, त्याच्याशी आपण वीस रुपयांसाठी घासाघीस करतो. मॉलमध्ये मात्र छापील किंमत निमूट मोजतो. 'आपला' आहे म्हणून त्याने स्वस्त द्यावे, हा कुठला न्याय? आम्ही पूर्ण पैसे दिले.

ही दुकाने छोटी का राहिली, हेही समजून घेतले पाहिजे. मॅगी वॉकर या गुलामीतून सुटलेल्या आईच्या मुलीने १९०३ साली रिचमंडमध्ये बँक काढली. १९०५ साली तिच्या संघटनेने मोठे दुकान उघडले, कृष्णवर्णीय स्त्रियांना तिथे नोकऱ्या मिळाल्या. गोऱ्या व्यापाऱ्यांनी घाऊक विक्रेत्यांवर दबाव आणून माल अडवला. काही वर्षांत दुकान बंद पडले. १९२१ साली टल्सा शहरातली ग्रीनवुड ही भरभराटीची कृष्णवर्णीय पेठ गोऱ्या जमावाने जाळली. सुमारे ३५ चौक बेचिराख झाले आणि विमा कंपन्यांनी भरपाई नाकारली. आज अमेरिकेच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय सुमारे १४ टक्के आहेत, पण पगारी माणसे ठेवणाऱ्या व्यवसायांत त्यांची मालकी फक्त ३ टक्क्यांच्या आसपास आहे. हा हुशारीचा अभाव नाही, हा अडवणुकीचा इतिहास आहे.

आपल्याला तो परका वाटायचे कारण नाही. बाबासाहेब ज्या स्टार्ट समितीचे सदस्य होते, तिच्या १९३० च्या अहवालात नोंद आहे की अस्पृश्यांनी हक्क मागितले की गावच्या वाण्याला सांगितले जाई, यांना जिन्नस विकू नको. बाजार बंद करून माणूस वाकवता येतो, हे व्यवस्थेला पक्के ठाऊक आहे. मग बाजारातूनच माणूस उभा करता येतो, हे आपल्याला कधी कळणार?

काही जण म्हणतील, "जातवाला जातवाल्याकडूनच घेतो, तसेच हे झाले." नाही. ती साखळी इतरांना बाहेर ठेवण्यासाठी असते. आपण तिथे जातो ते बाहेर ठेवलेल्याला आत येता यावे म्हणून. दुसरे म्हणतील, "साबण घेऊन क्रांती होते का?" होत नाही, हे आम्हीही मान्य करतो. बँकेचे कर्ज, जागा, सरकारी कंत्राटे यांत वाटा मिळाल्याशिवाय चित्र पालटणार नाही, आणि तो लढा रस्त्यावरच लढावा लागेल. पण दुकानाचे पुढच्या महिन्याचे भाडे गिऱ्हाईक देते, घोषणा देत नाही.

म्हणून आम्ही स्वतःसाठी तीन नियम केले आहेत. पूर्ण किंमत द्यायची. आवडले तर चार जणांना सांगायचे. आणि फक्त डिसेंबरात नाही, मार्चमध्येही जायचे. कणव म्हणून एकदा घेतलेली वस्तू ही भीक असते, पुन्हा पुन्हा घेतलेली वस्तू हा व्यवहार असतो, आणि बरोबरीचे नाते व्यवहारातच दिसते.

इथे आमच्या शेजारी कृष्णवर्णीय दुकानदार आहे, तिथे तुमच्या शेजारी आपलाच स्टॉलवाला आहे. येत्या ६ डिसेंबरला त्याच्याकडून पुस्तक घ्याल तेव्हा वीस रुपये कमी करायला सांगू नका.

जय भीम!