तिरक्या रेघेची परीक्षा

संगणकाच्या पडद्यावर आडवी-उभी रेघ कुणालाही जमते. खरी परीक्षा तिरक्या रेघेची! पडदा म्हणजे चौकोनी ठिपक्यांची मांडणी. त्यावर तिरकी रेघ काढली की चिऱ्याच्या पायऱ्यांसारखी दिसते. या पायऱ्या मऊ करणे म्हणजे अँटी-अलायझिंग.

मी कला शाखेचा, दिवसभर फायलींत बसणारा. पण मुलगा गेम खेळतो तेव्हा माझी नजर धावत्या गाडीऐवजी रस्त्याकडेच्या विजेच्या तारांवरच जाते.

२००० साली थ्रीडीएफएक्सचे व्हूडू ५ ५५०० आणि एनव्हिडियाचे जीफोर्स २, दोन्ही '४ पट' म्हणत. प्रत्येक ठिपक्यात चार नमुने. जीफोर्सने ते सरळ दोन-दोनच्या ओळींत मांडले. त्यामुळे जवळजवळ आडव्या रेघेला चारांचा उपयोग दोघांइतकाच. व्हूडूने तीच मांडणी जराशी फिरवली, प्रत्येक नमुन्याला स्वतंत्र ओळ मिळाली आणि रेघ मऊ झाली. तुळशीसमोर रांगोळी घालणाऱ्या बायकांना हे सांगायला नको: ठिपके किती यापेक्षा मांडले कसे, ते महत्त्वाचे.

थ्रीडीएफएक्स त्याच डिसेंबरात एनव्हिडियाला विकायला निघाली. तिची युक्ती मात्र उरली. २००२ साली एटीआयच्या रेडिऑन ९७०० प्रोमध्ये नमुन्यांची विखुरलेली मांडणी आली, २००४ साली जीफोर्स ६ मध्येही फिरवलेली. कंपनी हरली, विचार जिंकला.

"बाबा, आता सगळं एआय करतं," मुलगा म्हणतो. खरे आहे, २०१८ साली आलेले डीएलएसएस आज मागच्या चित्रांतूनही नमुने उचलते. पण हलत्या वस्तूमागे कधी पुसट सावली राहते. म्हणून पगारातले पैसे मोजण्याआधी मी त्याला एवढेच सांगतो: खोक्यावरचा आकडा राहू दे, हलती तार बघ.