खोल पाणी

आम्हा ठाणेकरांना तलावांचे अप्रूप नाही. लहानपणी सुटीच्या दिवशी वडिलांबरोबर गळ घेऊन उपवनच्या काठी बसावे, हा आमचा नेम. रोहू लागला तर घरी कौतुक. चिलापी लागली तर ती शेजारच्या मांजराची! मे महिन्याच्या दुपारी मात्र काहीच लागत नसे. "मासा खाली बसलाय," असे वडील म्हणत.

थोरले बंधू पुढे कॅनडात स्थायिक झाले. तेथे उन्हाळ्यात ते होडीतून ट्राउट धरतात. तापलेले पाणी हलके होऊन वरच राहते, खालच्या गार थरात मिसळत नाही. ट्राउटला मानवते ते दहा अंशांच्या आसपासचे पाणी; म्हणून तो खाली उतरतो आणि होडीवाले गळाला वजन बांधून तो तेथवर सोडतात. गार पाण्यात प्राणवायूही अधिक मावतो. माशाला आसरा असतो तो असा.

गाळाने उथळ झालेल्या आमच्या तलावांत हा आसरा कोठून असणार? पाणी तळापर्यंत तापते, रात्री शेवाळही प्राणवायू ओढते आणि पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात. रोहू-कटला मरतात, १९५२ साली भारतात आणलेली आफ्रिकेची चिलापी तेवढी तगते. तिचीच भावंडे गालील सरोवरात 'संत पेत्राचा मासा' म्हणून ओळखली जातात. पेत्राला होडी खोल पाण्यात न्यायला सांगितले होते ते हेच सरोवर. त्याची खोली चाळीस मीटरांहून अधिक आहे.

आमच्याकडे काठावर फरशी आणि रंगीत दिवे आधी येतात, तळाचा गाळ मागाहून आठवतो. आम्हांस हा क्रम खटकतो.