आबाजींची फळी

वर्ध्याच्या इतवाऱ्यात आबाजींचं कबाडीचं दुकान होतं. लोखंड, रद्दी, बाटल्या, सारं तराजूत जायचं. जुनी काचेची भांडी मात्र मागच्या फळीवर. कॉलेजात असताना मी घरच्या सेटमधल्या फुटक्या बशीची जोड शोधत तिथं गेले आणि पुढची कित्येक वर्षं जातच राहिले.

"डोयानं नोको पाहू, बोटानं पाय," हा त्यांचा पहिला धडा. कडेवर बारीक रेघ लागली की ती साच्याची सांध. लोखंडी साच्यात वितळलेली काच दट्ट्यानं दाबली की नक्षी एकाच अंगाला उठते, दुसरं गुळगुळीत राहतं. साच्यात फुंकलेल्या काचेत मात्र बाहेरचा उंचवटा आतून खळग्यासारखा लागतो. कापीव काचेची कड बोटाला टोचते, दाबलेलीची बोथट असते.

एकदा फिक्या गुलाबी रंगाची, जाळीदार नक्षीची बशी आली. तळाशी नाव नव्हतं. "नक्षी हेच नाव," आबाजी म्हणाले. त्यातलं शहाणपण मला फार उशिरा, पुस्तकांतून कळलं. 1929 नंतरच्या मंदीत अमेरिकेत अशा रंगीत बशा ओटच्या डब्यातून फुकट निघत, सिनेमाच्या तिकिटावर मिळत. कारखान्याची खूण क्वचितच असे, म्हणून संग्राहक आजही नक्षीवरूनच कारखाना ओळखतात. नक्षी इतकी दाट का? स्वस्त काचेतले बुडबुडे तिच्यात लपत. आमची बशी तिकडचीच, असा दावा मी करणार नाही.

कंदिलांचं सोपं होतं, त्यांच्यावर नावं असत. परदेशी 'डीट्झ' एका बाजूला, ओगल्यांचा 'प्रभाकर' दुसऱ्या. ओगल्यांनी 1916 साली औंध संस्थानात, कऱ्हाडजवळ काचेचा कारखाना काढला, हे मी प्रथम या कबाडीच्या दुकानातच ऐकलं. आमच्या मगनवाडीत कुमारप्पांच्या ग्रामोद्योग संघानं रॉकेलऐवजी तेलबियांच्या तेलावर जळणारा 'मगनदीप' तयार केला, तेही आबाजींनीच सांगितलं. तिथल्या संग्रहालयात मी नंतर गेले.

बशांचे पैसे ते घासाघीस करून घेत, शिकवणीचे कधी नाही. पहिल्या पगारातून मी त्यांना एक चांगलं भिंग दिलं. काचेवर त्यांनी ते कधी धरलं नाही. रद्दीत आलेले पेपर तराजूत टाकण्याआधी ते त्यानं वाचून काढत.