टॉवेलखालची भेग

आमच्या नानांची गाडी १९८२ सालची पद्मिनी. नंबर लावून काही वर्षं वाट पाहिल्यावर ती दारात आली, तेव्हा आईने नारळ वाढवला आणि पुढे कोणी बसायचं यावरून दादाचं नि माझं भांडण झालं. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून ही गाडी ‘फियाट अकराशे’ म्हणून बनायची, १९७४ मध्ये तिची ‘पद्मिनी’ झाली. नाना मात्र अजूनही फियाटच म्हणतात.

पुण्यात सोसायटीच्या आवारात ती उन्हातच उभी असायची. एका उन्हाळ्यात डॅशबोर्डच्या वरच्या काळ्या गादीवर, काचेलगत, केसाएवढी रेघ दिसली. नानांनी त्यावर टॉवेल पसरला. “ऊन लागू नये म्हणून,” म्हणाले.

१९९८ साली दादा म्हणाला, “नाना, आता द्या ही भंगारात.” नाना उसळले, “मग मलाही दे!” शब्दाने शब्द वाढला. पुढे दादाने वेगळं घर घेतलं. गौरी-गणपतीला सगळे जमत, पण बापलेकांचं बोलणं माझ्यामार्फत. “त्याला विचार, चहा घेणार का?” त्या दोघांमध्ये मीही एक टॉवेलच होते म्हणा ना!

गेल्या मे महिन्यात गाडी पुसताना मी टॉवेल उचलला. बोट आत जाईल एवढी भेग! आतल्या फोमचा पिवळा भुगा झालेला. नाना म्हणाले, “धुऊन परत टाक तो.” मी ऐकलं नाही. नाना पेठेत एक म्हातारे कुशनवाले आहेत, त्यांना मी घरी घेऊन आले.

“वरून नवं रेक्झिन चढवून द्या, चाचा,” मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. “ताई, नुसतं झाकलं तर दोन उन्हाळ्यांत खालची भेग वर दिसेल.” मग समजावून सांगितलं. हे आवरण मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखा अंश घातलेला असतो. उन्हाने तो उडून जातो आणि काचेवर आतून धुरकट थर धरतो. आवरण आकसतं, कडक होतं, फाटतं. आधी भेगेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडायचं, म्हणजे ती पुढे सरकत नाही. भुगा काढायचा, लवचीक लांबी भरायची, घासून सपाट करायचं. चकाकीसाठी मारलेलं पॉलिश धुऊन काढायचं, नाहीतर गोंद धरत नाही. मग गरम हवेने रेक्झिन ताणून बसवायचं. “पण आधी डॅशबोर्ड सोडवून द्या.”

तो सोडवणार कोण? लहानपणी नानांच्या हाताखाली पाने धरलेला एकच माणूस होता. मी दादाला फोन केला. बराच वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, “रविवारी येतो.”

रविवारी दादा पान्यांची पिशवी घेऊन आला आणि स्टिअरिंगखाली आडवा झाला. नाना खुर्ची टाकून लांब बसले होते. मी दोघांकडे पाहत उभी.

“आधी बॅटरीची तार काढ,” नाना एकदम म्हणाले. माझ्याकडे न बघता.

“हो, नाना.”

“आणि मीटरची केबल मागून फिरवून सोडव, ओढू नकोस.”

“आठवतंय मला, नाना.”

मी चहा टाकायला आत गेले. डोळे पुसायचे होते ना!

आठवड्याने डॅशबोर्ड परत बसला. अगदी नव्यासारखा नाही. बोट फिरवलं तर भरलेल्या जागी किंचित उंचवटा लागतो. नानांना तो बरोबर सापडला. त्यांनी दोनदा त्यावरून बोट फिरवलं, पण काही बोलले नाहीत.

सवयीने मी धुतलेला टॉवेल पुढे केला. नानांनी तो घेऊन दादाकडे दिला. “हात पूस. ग्रीस लागलंय. आणि चहा घेऊन जा.”

या वेळी मला विचारायला सांगितलं नाही.