हसताना लिहिता येत नाही

वर्षातल्या उत्तम चित्रपटांची यादी करताना पहिला क्रमांक मला कधी छळत नाही. तो बहुतेक वेळा सिनेमा पाहता पाहताच ठरून जातो. दहावाही छळत नाही. तिथे आपल्या हट्टाचं एखादं पोर बसवायचं असतं आणि त्यावरून कोण काय बोलणार तेही पाठ असतं. मला छळतो तो हसवणारा सिनेमा. तो कितव्या क्रमांकावर ठेवायचा ही फार पुढची गोष्ट झाली. डिसेंबरात कागद घेऊन बसलं की तो आठवतच नाही, तिथून सुरुवात आहे.

२०२४ची यादी छापून आली आणि दर जानेवारीसारखी आमच्या फिल्म सोसायटीत तिच्यावर चर्चा ठेवली गेली. चर्चा म्हणायचं आपलं. लोक चहा पिऊन येतात आणि मला सोलून काढतात. मला ते मनापासून आवडतं. ज्या यादीवर कुणी भांडत नाही ती यादी म्हणजे नुसतं वेळापत्रक. तर मागच्या रांगेतून एक मुलगी उठली. माझ्याच रसास्वाद वर्गातली. आता स्वतः लिहिते, आणि माझ्यापेक्षा जास्त पाहते. तिने विचारलं, "सर, छाया कदम तुमच्या यादीत एकदाच कशी?"

प्रश्न नेमका होता. त्या एका वर्षात छाया कदम तीन ठिकाणी होत्या. मार्चच्या पहिल्या तारखेला आलेल्या किरण राव यांच्या 'लापता लेडीज'मध्ये त्या फलाटावर चहाची टपरी चालवणाऱ्या मंजू माई. त्याच महिन्यात कुणाल खेमूच्या 'मडगांव एक्स्प्रेस'मध्ये गोव्यातल्या टोळीची म्होरकी, कांचन कोंबडी. आणि पायल कपाडियांच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'मध्ये मुंबईच्या रुग्णालयात स्वयंपाक करणारी, कागदपत्रं नाहीत म्हणून राहत्या खोलीतून उठवली जाणारी आणि शेवटी रत्नागिरीकडे गावी परतणारी पार्वती. या तिसऱ्या सिनेमाला मे महिन्यात कानमध्ये ग्राँ प्री मिळालं, नोव्हेंबरात तो आपल्याकडे लागला आणि माझ्या यादीत पहिला आला. 'लापता लेडीज' यादीखालच्या चौकटीत होता, जिथे आम्ही 'हेही पाहा' म्हणून उरलेल्यांची सोय लावतो. 'मडगांव एक्स्प्रेस' कुठेच नव्हता. मे महिन्यात आलेला परेश मोकाशींचा 'नाच गं घुमा'ही नव्हता.

मी उत्तर दिलं. अशा वेळी द्यायची उत्तरं माझ्याकडे घडी घालून ठेवलेली असतात: सिनेमाची झेप, भाषेची जाण, चौकटीतला अवकाश. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पार्वतीवर तुम्ही सबंध परिच्छेद लिहिलात. कांचन कोंबडीवर शब्द नाही. बाई तीच, वर्ष तेच. मग तिथे काम कमी केलं का त्यांनी?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण न वाजवणं वाईट दिसलं असतं.

पहिल्या क्रमांकावरून मी आजही हटणार नाही. बिल्डरच्या भल्याथोरल्या होर्डिंगवर रात्री दगड मारणाऱ्या त्या दोन बायका मला कुठल्याही यादीत पहिल्या लागतील. पण तिच्या प्रश्नाने मला वह्या काढायला लावल्या.

अंधारात न बघता लिहिण्याची कला या धंद्यात प्रत्येकाला येते. एका ओळीवर दुसरी चढते, सकाळी आपलंच अक्षर आपल्याला लागत नाही. 'ऑल वी इमॅजिन'ची पानं अशी गच्च होती. जर्मनीहून आलेला राइस कुकर, पावसातली लोकल, मुंबईचा निळा आणि कोकणातला उजेड, सगळं. 'मडगांव एक्स्प्रेस'च्या पानावर सिनेमाचं नाव, तारीख आणि खाली एक लांबलचक रेघ. पेन घसरल्याची रेघ. मी हसत होतो. हसणारा माणूस लिहू शकत नाही. हात, पोट, मान, काहीच जागेवर नसतं. आणि डिसेंबरात यादी होते ती त्या वह्यांवरून. म्हणजे ज्या सिनेमाने मला सगळ्यात जास्त हलवलं, त्याचा पुरावा माझ्याकडे सगळ्यात कमी. आम्ही ज्याला चोखंदळपणा म्हणतो त्यात पेन धरता येण्याचा वाटा किती, हे कधीतरी कुणीतरी तपासायला हवं.

याला अपवादही सापडला, आणि त्याने मला जास्तच गोंधळात टाकलं. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ची जुनी पानं चाळली. बाहीविना कपडे घातले म्हणून न्यायाधीश एका बाईचं प्रकरण पुढे ढकलतो, तिथे थिएटर हसलं होतं, मीही हसलो होतो. तरी ते पानावर तपशीलवार होतं. का? कारण ताम्हाणे कॅमेरा हलवत नाहीत. माणसं लांब, चौकट स्थिर, विनोद होऊन गेल्यावरही शॉट चालूच. हसायला वेळ मिळतो, हसून झाल्यावर लिहायलाही मिळतो. 'वळू'तही थोडंफार असंच होतं. म्हणजे विनोदाशी आमचं वैर नाही. आम्हाला सावकाश चालणारा विनोद चालतो, ज्याच्याशेजारी बसून टिपण काढता येतं. पळणारा विनोद आमच्या हाती लागत नाही आणि जो हाती लागत नाही त्याला आम्ही हलका म्हणतो.

आता लिहिण्याची अडचण घ्या. 'लापता लेडीज'मधला तो फोटो. नवरा हरवलेली बायको शोधायला पोलिसांत जातो आणि लग्नाचा फोटो पुढे करतो. फोटोत त्याचा चेहरा आहे आणि तिचा घुंघट. हे मी आत्ता सांगितलं आणि तुम्ही हसला नाहीत. सिनेमात मी हसलो होतो, कारण फोटो पोलिसाच्या हातात जाण्याआधी नवऱ्याच्या तोंडावर एक भाबडा विश्वास आहे, आणि पोलिसाच्या गालात पान आहे, आणि ते पान चघळण्यात एक क्षण जातो. हसू त्या क्षणात आहे. तो क्षण मी कागदावर कसा आणू? शोकाचं वर्णन शोकाला धक्का लावत नाही. चार वाक्यं जास्त झाली तर उलट तो गडद होतो. विनोदाला एक शब्द जास्त झाला की तो संपला. अशोक सराफ वाक्याच्या आधी जे किंचित थांबतात, त्या थांबण्यावर मी कित्येकदा लिहायला बसलो आहे. दरवेळी मजकूर व्याकरणाच्या पुस्तकासारखा होतो आणि मी खोडतो. मग सोपं पडतं म्हणून पुन्हा एकदा पावसातल्या लोकलवर लिहितो.

हे एकट्या मराठी समीक्षकाचं दुखणं असतं तर मी आमच्या वाङ्मयीन घराण्यावर ढकलून मोकळा झालो असतो. पण 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश सिनेमासिकाची सर्वोत्तम चित्रपटांची पहिली यादी बघा, १९५२ची. पहिला 'बायसिकल थीव्ज', आणि दुसऱ्या जागेवर चॅप्लिनचे दोन चित्रपट बरोबरीने: 'सिटी लाइट्स' आणि 'द गोल्ड रश'. दहा वर्षांनी, १९६२ला, पहिल्या दहांत चॅप्लिनचा एकही नाही. दहा वर्षांत चॅप्लिनला काय झालं? काही नाही. यादी करणारे मोठे झाले. २०२२च्या यादीत १६०० वर लोकांनी मत दिलं. पहिला आला शांताल अकेरमान यांचा तीन तास एकवीस मिनिटांचा 'जान दिलमान', ज्यात बाई बटाटे सोलते आणि आपण ते सबंध पाहतो. मला तो फार आवडतो, माझ्या वहीत त्याची पानंच्या पानं आहेत. त्या दहांत मनमोकळं हसायला लावणारा सिनेमा एकच, 'सिंगिंग इन द रेन', आणि तो दहावा.

माझा एक समव्यवसायी म्हणतो, याचा अर्थ विनोद टिकत नाही. त्याला 'अशी ही बनवाबनवी' दाखवावा. सप्टेंबर १९८८चा चित्रपट. आज कुठल्याही लग्नाच्या पंगतीत धनंजय माने एवढं नाव घ्या, पुढचं वाक्य जेवणारे पूर्ण करतात, आणि त्यातले निम्मे तेव्हा जन्मले नव्हते. त्या वर्षातले किती गंभीर मराठी चित्रपट कुणाच्या तोंडावर आहेत? मग टिकणं म्हणजे काय? आम्ही टिकाऊ म्हणतो ते अभ्यासक्रमात टिकणारं असतं.

पण मला दुसऱ्या टोकाला जाऊन बसायचं नाही. हल्ली तिथेही गर्दी आहे. मध्यंतरातच मोबाइल पाजळून चार स्टार वाटणारे, सिनेमा सुटल्या सुटल्या पार्किंगमध्ये उभं राहून निकाल सांगणारे. 'पब्लिक हसलं ना, मग तुम्ही कोण?' हा त्यांचा युक्तिवाद. आणि दुसरी एक तरुण जमात, जी आपल्या लहानपणी टीव्हीवर लागलेल्या प्रत्येक भंकस सिनेमाला 'कल्ट' म्हणून उजळवून घेते. पहिल्यांना वाचता येत नाही, दुसऱ्यांना विसरता येत नाही. हे लिहिताना मला बरं वाटतंय हे मी लपवत नाही; स्पर्धकांवर लिहिण्याइतकं सुख उत्तम सिनेमावर लिहिण्यातही नाही.

त्या जानेवारीनंतर मी एक नवीन उद्योग सुरू केला. हसवणारा सिनेमा दोनदा पाहायचा. एकदा पडदा, एकदा प्रेक्षक. दुसऱ्या वेळी बाजूच्या खुर्चीत, मान वळवता येईल असं बसायचं आणि फक्त हसू टिपायचं: कुठे उठलं, कुठून उठलं, किती वेळ राहिलं, पुढचा संवाद त्याखाली बुडाला का. चांगला दिग्दर्शक बुडणाऱ्या संवादात महत्त्वाचं काही ठेवत नाही, हे मला या वयात कळतंय. पण यातून नवीनच भानगड झाली. एकाच सिनेमाचं हसू सकाळी साडेदहाला वेगळं आणि रविवारी संध्याकाळी वेगळं. सकाळी अकरा माणसं रिक्लायनरवर लोळत पाहतात. दोन खुर्च्यांत अंतर इतकं की एकाचं हसू दुसऱ्याला लागत नाही. जुन्या थिएटरात लाकडी हात एकच असायचा, शेजाऱ्याचा धक्का बसायचा, बाल्कनीतून सुरू झालेलं हसू खाली उतरायचं. दादरचं चित्रा २०१९ला बंद झालं तेव्हा सगळ्यांनी वास्तूबद्दल गळा काढला. माझ्या मते तिथे हसण्याची एक पद्धत बंद पडली. शोकांतिका घरी एकट्याने, कानांत यंत्र घालून पाहता येते, कदाचित जास्त चांगली. विनोद एकट्याने पाहिला की 'हं, चांगलं आहे' एवढंच उरतं. आणि यादी तर आम्ही एकट्याने, रात्री, दार लावून करतो.

मग हसू कुणाचं मोजायचं? माझं मोजलं तर नोंद नाही. थिएटरचं मोजलं तर मी तिकीटखिडकीचा कारकून झालो. दोन्हींच्या मधे काही असेल तर ते मला अजून सापडलेलं नाही, आणि ते शोधण्यात आता इतर सिनेमे पाहायचे राहू लागलेत.

खरं सांगायचं तर अडचण नुसती वहीची नाही. यादी म्हणजे माझा वर्षातून एकदा छापून येणारा फोटो आहे. त्यात मी कसा दिसावा हे मला ठरवता येतं, आणि मला दात काढून हसताना दिसायचं नसतं. पायल कपाडियांचा सिनेमा पहिला ठेवणारा माणूस कसा भारदस्त दिसतो! फिल्म फेडरेशनने ऑस्करसाठी त्याऐवजी 'लापता लेडीज' धाडला तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून हंबरडा फोडला. डिसेंबरात निवडक १५ जाहीर झाले, त्यात 'लापता लेडीज' नव्हता. त्या दिवशी मला आतून गुदगुल्या झाल्या. ज्या सिनेमाने मला मार्चमध्ये इतकं हसवलं होतं, त्याच्या पडण्याचा आनंद! कारण माझी यादी बरोबर ठरत होती. सिनेमापेक्षा यादीवर जास्त प्रेम करणारा माणूस म्हणजे मी.

त्या मुलीनेही आता स्वतःची यादी छापायला सुरुवात केली आहे. मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा आधी चुका शोधल्या. शुद्धलेखनाच्या दोन मिळाल्या, तेवढ्यावर समाधान मानलं. ती विनोदावर असं लिहिते की विनोद मरत नाही. कसं करते ते मी वाक्य वाक्य सोडवून पाहिलं. ती विनोद सांगतच नाही. त्याच्या अलीकडे थांबते आणि वाचकाला तिकीट काढायला लावते. हे मी तिला शिकवलेलं नाही. वर्गात मात्र मी हल्ली ते माझं म्हणून शिकवतो.

यंदाची यादी संपादकांकडे गेली आहे. दुसऱ्या क्रमांकावर एक हसवणारा सिनेमा आहे. त्याच्यावर मी अडीच ओळी लिहिल्या आहेत आणि त्या मला आवडल्या आहेत. तो पहिला ठेवायलाही माझी हरकत नव्हती. पण पहिला ठेवला असता तर जानेवारीत ती उठून माझं अभिनंदन करून खाली बसली असती, आणि त्या संध्याकाळी मला अभिनंदन नको आहे.