जमिनीवर सोड त्याला

चि. रेवास,


परवा फोनवर तुझा आवाज भरून आला, तेव्हापासून चैन नाही. ईशानला 14 महिने झाले, शेजारची त्याच्याहून लहान मुलगी घरभर दुडूदुडू धावते आणि हा अजून दिवाणाला धरून उभा. त्यात वाढदिवसाला वॉकर आलेला, आणि घरात जो तो म्हणतोय, ‘बसव त्यात, पाय मोकळे होतील.’

अगं, जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांतल्या, त्यात आपल्याही, निरोगी मुलांची पाहणी 2006 साली प्रसिद्ध केली. आधाराशिवाय चालायला कुणी आठव्या-नवव्या महिन्यातच लागलं, तर कुणी 17 महिने उलटल्यावर. शंभरातली चारेक मुलं तर हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत. ईशानला उशीर झालेला नाही.

वॉकरचं मात्र मला मनापासून सांगायचंय. पण आधी मूल चालायला शिकतं कसं, ते ऐक. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरन अडॉल्फ यांनी रांगत्या मुलांना उतरत्या फळीच्या टोकाशी ठेवून पाहिलं. झेलायला माणूस शेजारी असायचाच. नुकतं रांगायला लागलेलं मूल कितीही तीव्र उतारावर स्वतःला झोकून देई. काही आठवड्यांनी तेच मूल काठाशी थांबे, हातानं चाचपून पाही, नको वाटलं तर पोटावर सरकत उतरे. मग ते चालायला लागे, आणि त्याच उतारावर पुन्हा बेधडक पाऊल टाके! रांगताना कमावलेलं शहाणपण चालताना कामाला येईना. सगळं पुन्हा पहिल्यापासून. हे वाचून मी कितीतरी वेळ तशीच बसून राहिले. आपण ‘पाय फुटले’ म्हणतो, पण तोल कुठे जातो, पायाखालचं काय पेलेल, हे मूल डोक्यानं शिकत असतं आणि शिकतं ते अंगानंच. 12 ते 19 महिन्यांचं चालणारं मूल मोकळं खेळताना तासाला सरासरी 2,368 पावलं टाकतं आणि 17 वेळा पडतं, हेही त्यांच्याच गटानं मोजलंय. ते पडणं म्हणजेच त्याचा अभ्यास.

वॉकरमध्ये मूल तोल जाऊन पडतच नाही. तोल यंत्र सांभाळतं, मूल चवड्यांनी जमीन ढकलत राहतं, आणि पुढच्या फळीमुळे त्याला स्वतःची पावलंही दिसत नाहीत. मग शिकणार कशातून? शिवाय वॉकरचा वेग. तुझ्या दादाला मी हौसेनं त्यात बसवलं होतं. मी भाताचा कुकर उतरवायला वळले, तेवढ्यात तो ओटीच्या पायरीवरून अंगणात. कपाळावरची टाक्यांची खूण तू पाहिलीस. माझ्या मनावरचा ओरखडा अजून गेलेला नाही. कॅनडानं 2004 मध्ये वॉकरच्या विक्रीवरच बंदी घातली, ती उगीच नाही.

आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा. त्यात मूल बसत नाही. स्वतःच्या पायांवर उभं राहून, स्वतःचा भार पेलत तो ढकलतं. माळ्यावर आपला आहे, येताना आणते. तोवर सतरंजी गुंडाळून ठेव, पायमोजे काढ, पाय उघडे राहू देत. दिवाणापासून हातभर अंतरावर एक खुर्ची ठेव आणि तिच्यावर त्याची आवडती वाटी. मधलं अंतर त्याचं त्याला तोडू दे.

आणि तू त्याच्या पायांकडेच बघत बसू नकोस. पंख्याकडे बोट दाखवून तो तुझ्या तोंडाकडे बघतो ना? उशीखाली लपवलेला चेंडू शोधून काढतो ना? हाक मारली की वळतो ना? यातलं काही दिसत नसेल, अंगाची एक बाजू दुसरीपेक्षा कमी चालत असेल, येत होतं ते येईनासं झालं असेल, किंवा 18 महिने भरूनही तो आधाराशिवाय चालला नाही, तर मात्र ‘होईल हळूहळू’ म्हणणाऱ्या कुणाचंही, माझंसुद्धा, ऐकू नकोस. डॉक्टरांकडे जा.

तो वॉकर दुसऱ्या कुणाला देऊ नकोस. आधी त्याची चाकं काढ, मग भंगारात टाक.

तुझी,
आत्या